जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलणे आणि थंड ठेवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण २००९ ते २०२० या काळातल्या डेस्कटॉपबद्दल हे प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसऱ्या उत्तरात असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कॉम्प्युटर फार हळू चालतो. प्रोसेसर बदलला की वेग वाढेल का?

बऱ्याचदा वाढत नाही, कारण काम दुसरीकडेच अडलेलं असतं. ज्या कामाला वेळ लागतो ते सुरू करा, टास्क मॅनेजर उघडा आणि पाच मिनिटं सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन आकडे बघा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू २०–३० टक्क्यांवर असेल, तर फिरती हार्डडिस्क बदलून साटा एसएसडी लावा. कुठल्याही प्रोसेसरने जाणवणार नाही इतका फरक त्याने जाणवेल. मेमरी सतत ८५–९० टक्क्यांच्या वर असेल तर आधी रॅम वाढवा.

सीपीयूचा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. चार कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणक) आणि चार थ्रेडच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) प्रोसेसरवर नेमके २५ टक्के दिसत असतील, तर एकच थ्रेड पूर्ण भरलेला असू शकतो. अशा कामाला जास्त कोअरचा प्रोसेसर मदत करत नाही, प्रत्येक कोअरचा वेग जास्त असलेला करतो.

सीपीयू खरोखर १०० टक्क्यांवर असेल तेव्हा त्याच खिडकीत गिगाहर्ट्‌झचा आकडाही बघा. पूर्ण भाराखाली तो मूळ वेगाच्याही खाली घसरत असेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आहे. आहे तो प्रोसेसर त्याच्या पूर्ण वेगाने चालतो आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय नवा घेऊ नका. धूळ काढून, प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदलून तोच वेग परत मिळणार असेल तर खर्च कशाला? (तापमान किती असावं यासाठी प्रश्न ९.)

२. माझ्या मदरबोर्डवर कोणता प्रोसेसर बसेल हे कसं कळेल?

सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवा. ‘मेनबोर्ड’ या पानावर बोर्डाचं मॉडेल, चिपसेट (बोर्डावरची मुख्य जोडचिप) आणि बायोसची (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) आवृत्ती दिसते, ‘सीपीयू’ या पानावर सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी काढा. यादीत प्रोसेसरच्या नावासमोर बायोसची किमान आवृत्तीही दिलेली असते. अंतिम शब्द या यादीचा. दुकानदाराचा किंवा ‘सॉकेट जुळतो की’ म्हणणाऱ्या मित्राचा नाही.

ढोबळ चित्र असं: इंटेलचे एलजीए प्रकारचे (पिना सॉकेटमध्ये असलेले) ११५६ (२००९), ११५५ (२०११), ११५० (२०१३), ११५१ (२०१५) आणि १२०० (२०२०) हे सॉकेट एकमेकांत बसत नाहीत. खाचांच्या जागा वेगळ्या असल्यामुळे चुकीचा प्रोसेसर सपाट बसतच नाही, आणि जोर लावून बसवायलाही जाऊ नका. ११५५ वर आय७-३७७०, ११५० वर आय७-४७९० आणि ११५१ च्या १०० व २०० मालिकेतल्या चिपसेटवर आय७-७७०० ही ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांसाठी (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त न पळवणाऱ्यांसाठी) व्यवहार्य शेवटची पायरी. तिघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं आयुष्य सगळ्यांत लांब ठरलं. पहिल्या रायझनपासून रायझन ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर त्यावर येतात. दोन-चार कोअरवरून सहा किंवा आठ कोअरवर जाण्याची खरी मोठी उडी बहुधा एएम४ वरच मिळते.

३. सॉकेट तोच, मग प्रोसेसर चालत का नाही?

सॉकेट जुळणं ही पहिली अट आहे, एकमेव नाही. चिपसेट, बायोस आणि वीजपुरवठा या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. नेहमी फसवणाऱ्या जोड्या या:

एलजीए ११५५ वर तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर (आय५-३४७०, आय७-३७७०) एच६१, एच६७, पी६७ आणि झेड६८ या चिपसेटवर चालतात, पण त्यासाठी बोर्डाला नवा बायोस असावा लागतो. क्यू६७, क्यू६५ आणि बी६५ हे व्यावसायिक चिपसेट मात्र इंटेलने या पिढीसाठी अधिकृतपणे खुले केले नाहीत. जुन्या ऑफिस कॉम्प्युटरमध्ये क्यू६५ आणि क्यू६७ सर्रास सापडतात, म्हणून तिथे दुसऱ्या पिढीचा आय७-२६०० हीच सुरक्षित निवड.

एलजीए ११५० वर आय७-४७९० सारख्या २०१४ च्या प्रोसेसरना ८० मालिकेच्या बोर्डावर बायोस अपडेट लागतं. त्याच सॉकेटचा पाचव्या पिढीचा आय७-५७७५सी मात्र फक्त ९० मालिकेच्या चिपसेटसाठी आहे.

एलजीए ११५१ हे नाव दोन पिढ्यांच्या बोर्डांना आहे. सहावी आणि सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर, आठवी आणि नववी ३०० मालिकेवर. प्रोसेसर सॉकेटमध्ये अगदी व्यवस्थित बसतो, कॉम्प्युटर मात्र सुरू होत नाही. पॅडवर टेप लावून आणि बायोसमध्ये फेरफार करून हे जमवणारे आहेत. रोजच्या कामाच्या मशीनवर तो प्रयोग करू नका.

एलजीए १२०० वर एच४१० आणि बी४६० चिपसेट अकरावी पिढी घेत नाहीत. त्यावर दहाव्या पिढीतलाच आय७-१०७०० वगैरे निवडा.

एएमडीचा एएम३ प्रोसेसर एएम३+ बोर्डावर चालतो. उलट बाजूने, म्हणजे एफएक्स प्रोसेसर एएम३ बोर्डावर, अगदी मोजक्या बोर्डांनी परवानगी दिली आहे.

४. बायोस अपडेट जुना प्रोसेसर असताना करायचं की नवा बसवल्यावर?

जुना असतानाच. नव्या प्रोसेसरला ओळखणारा बायोस आत नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही, मग अपडेट करणार कशावरून? फक्त ‘बायोस फ्लॅशबॅक’ बटण असलेल्या बोर्डांवर प्रोसेसरशिवायही अपडेट होतं.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनची फाइल घ्या (रिव्हिजन बोर्डावर कोपऱ्यात छापलेली असते) आणि बायोसमधल्याच अपडेट सोयीतून ती लिहा. विंडोजमधून लिहिणं टाळलेलं बरं. मधेच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस जोडलेला असू द्या. कंपनीने ‘आधी अमुक आवृत्ती टाका, मग तमुक’ असं लिहिलं असेल तर पायरी गाळू नका. इंटेलच्या ६० मालिकेच्या बोर्डांवर तिसऱ्या पिढीसाठी बायोसखेरीज मॅनेजमेंट इंजिन या चिपसेटमधल्या नियंत्रकाचं फर्मवेअरही ७ वरून ८ वर न्यावं लागतं. काही बोर्ड हे एकाच फाइलमध्ये करतात, काहींना दोन वेगळ्या पायऱ्या लागतात.

एएम४ च्या ३०० मालिकेच्या बोर्डांवर (ए३२०, बी३५०, एक्स३७०) रायझन ५००० ची सोय २०२२ मध्ये आली. काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या ए-मालिकेच्या प्रोसेसरची ओळख काढून टाकलेली आहे. अपडेट केल्यावर जुना प्रोसेसर सुरूच होणार नाही आणि परतीची वाटही राहणार नाही. म्हणून नवा प्रोसेसर हातात आल्याशिवाय तो बायोस टाकू नका.

५. माझा प्रोसेसर ६५ वॉटचा आहे. ९५ किंवा १२५ वॉटचा बसवला तर बोर्ड आणि एसएमपीएस झेपवतील का?

एसएमपीएसपेक्षा (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यापेक्षा) बोर्डाची काळजी जास्त करा. १२ व्होल्टचा पुरवठा प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक व्होल्टवर आणणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला असतो. स्वस्त बोर्डांवर तिथे तीन-चार फेज (भार वाटून घेणारे भाग) असतात आणि त्यांवर हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) नसतो. एफएक्स-८३५० सारखा १२५ वॉटचा प्रोसेसर अशा बोर्डावर बसवला की प्रोसेसर ६० अंशांवर असतानाही व्हीआरएम तापतो आणि बोर्ड वेग पाडतो. पूर्ण भाराखाली वेग दर काही सेकंदांनी १.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत खाली येऊन परत वर जात असेल, तर पहिला संशय व्हीआरएमवर घ्या.

वॉटचा छापील आकडाही जसाच्या तसा घेऊ नका. एएम४ वर ६५ वॉटचा रायझन ८८ वॉटपर्यंत आणि १०५ वॉटचा १४२ वॉटपर्यंत घेऊ शकतो. आय९-१०९०० वर ६५ वॉट लिहिलेलं असलं, तरी थोड्या काळासाठी त्याची मर्यादा २२४ वॉट आहे. बरेच जुने इंटेल, उदाहरणार्थ ७७ वॉटचा आय७-३७७०, छापील आकड्याच्या आसपासच राहतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चांगल्या दर्जाचा ३०० वॉटचा एसएमपीएस त्याला पुरतो.

बोर्डावर आठ पिनांचा प्रोसेसर कनेक्टर आणि एसएमपीएसला चारच पिनांची वायर असेल, तर ९५ वॉटपर्यंतच्या प्रोसेसरला सहसा अडचण येत नाही. त्यापुढे आठ पिना जोडा.

६. वापरलेला प्रोसेसर घेताना काय तपासायचं?

प्रोसेसर सहसा खराब होत नाहीत, खराब होते ती हाताळणी. एलजीए प्रकारात खालची सोनेरी पॅड ओरखडे आणि पेस्टच्या डागांसाठी बघा, आणि मधल्या भागातले इवले कपॅसिटर सगळे जागेवर आहेत का तेही. एएमडीच्या पिनांच्या प्रोसेसरची प्रत्येक रांग डोळ्यांसमोर आडवी धरून सरळ दिसते का ते पाहा. झाकणावर ‘ईएस’ किंवा ‘कॉन्फिडेन्शियल’ लिहिलेलं असेल तर तो चाचणी नमुना आहे. तो पुष्कळ बोर्डांवर चालत नाही, घेऊ नका.

नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये, आणि एएम४ वर नावात ‘जी’ नसलेल्या बहुतेक सगळ्या रायझनमध्ये, अंगभूत ग्राफिक्स नसतं. बोर्डाच्या एचडीएमआयवर मॉनिटर लावणाऱ्यांना हे प्रोसेसर बसवल्यावर काळा पडदा दिसतो आणि प्रोसेसर बिघडलेला वाटतो.

७. प्रोसेसर प्रत्यक्ष बदलायचा कसा?

सुरुवात कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून करा. पेस्ट कोमट आणि मऊ झाली की हीटसिंक सहज सुटतो. मग बंद करा, वीज काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. पंख्याची वायर बोर्डावरून काढून मगच कूलर सोडवा.

एएम४ आणि त्याआधीच्या एएमडी सॉकेटवर हीटसिंक सरळ वर ओढू नका. या सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून धरून ठेवणारी पट्टी नसते, त्यामुळे वाळलेल्या पेस्टला चिकटून तो बंद सॉकेटमधूनच उपटून येतो आणि पिना वाकतात. हीटसिंक डावीकडे-उजवीकडे हळू फिरवत पेस्टची पकड मोडा, मगच उचला.

इंटेल सॉकेटची दांडी दाबून बाजूला सरकवा, पट्टी उघडा आणि प्रोसेसर दोन कडांना धरून सरळ वर घ्या. सॉकेटमधल्या पिनांना बोट, कापड, ब्रश काहीही लागू देऊ नका. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा, दोन्ही खाचा बसल्याची खात्री करा आणि तो अलगद सोडा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. दांडी खाली आणताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, ते ठीक आहे. जोर दांडीवर लावायचा, प्रोसेसरवर कधीच नाही.

त्यानंतर पेस्ट (प्रश्न ८), कूलर, आणि पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या कनेक्टरवर. कॅबिनेट बंद करण्याआधी एकदा सुरू करून पंखा फिरतो का बघा. पहिल्या वेळी कॉम्प्युटर दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतो किंवा मिनिट-दोन मिनिटं पडदा काळा राहू शकतो. तेवढ्यात बटण दाबू नका. त्यानंतरही काहीच आलं नाही तर प्रश्न १५.

८. थर्मल पेस्ट किती लावायची, आणि किती दिवसांनी बदलायची?

प्रोसेसरच्या झाकणाच्या मधोमध चार-पाच मिलिमीटरचा एक ठिपका पुरतो. कूलर दाबला की तो आपोआप पसरतो. बोटाने पसरवू नका, हवेचे बुडबुडे अडकतात. पेस्ट थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते आणि साध्या पेस्टने नुकसान होत नाही. कमी पडली तर मात्र एखादा कोपरा कोरडा राहून तिथला कोअर तापतो.

जुनी पेस्ट ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण काढा. एकदा बसवलेला कूलर उचलला की पेस्ट नव्याने लावायची, मग तो पाच मिनिटांपूर्वी बसवलेला का असेना. कॅलेंडर बघून पेस्ट बदलण्याची गरज नाही. तेच काम, तेवढीच खोली गरम, धूळ काढलेली, तरी भाराखालचं तापमान आधीपेक्षा दहा अंशांनी जास्त, हा तिचा इशारा.

पेस्टऐवजी मिळणारा द्रव धातू, म्हणजे लिक्विड मेटल, जुन्या मशीनसाठी नको. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि मूळ कूलरचा तळ बहुधा ॲल्युमिनियमचाच असतो. शिवाय ते विजेचं वाहक आहे.

९. किती तापमान चालतं?

रिकामा असताना ३५ ते ५०, सलग भाराखाली ६० ते ८० अंश सेल्सियस हे निरोगी. ८५ पर्यंत चालवून घ्या, ९० च्या वर कारण शोधा. मात्र हे आकडे खोलीच्या तापमानावर उभे असतात. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. म्हणून तुलना करताना दोन्ही आकडे लिहून ठेवा.

वेग पाडण्याची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते: आय७-२६०० ची ९८, आय७-३७७० ची १०५, आय७-४७९० आणि आय७-६७०० ची १००, रायझन ५ ५६००एक्सची ९५, रायझन ७ ५८००एक्स३डीची ९० अंश.

मोजायला विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही आज्ञा. भार द्यायला सिनेबेंच दहा मिनिटं पुरेसं आहे. प्राइम९५ रोजच्या कुठल्याही कामापेक्षा जास्त तापवतो, त्यावर ८८ अंश दिसले म्हणून घाबरू नका.

दोन अपवाद. एफएक्स आणि फेनॉमचा आतला सेन्सर रिकाम्या वेळी खोलीपेक्षाही कमी तापमान दाखवतो. तो फक्त वरच्या मर्यादेजवळ विश्वासाचा आहे, आणि एफएक्स-८३५० ची मर्यादा ६१ अंशांच्या आसपास धरली जाते. रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स यांच्या एका आकड्यात २० अंश मुद्दाम वाढवलेले असतात. २७००एक्समध्ये १०. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘टीडाय’ नावाची ओळ असेल तर ती वाचा.

१०. मूळ कूलर चालेल की नवा घ्यावा? घ्यायचा तर बसेल का?

पेंटियम किंवा आय३ सोबत आलेला बुटका, पूर्ण ॲल्युमिनियमचा कूलर आय७ ला पुरत नाही. इंटेलचाच, मध्यभागी तांब्याचा गाभा असलेला उंच कूलर मिळाला तर ७७–८४ वॉटच्या प्रोसेसरला तो चालतो, थोडा आवाज करत. शांतता हवी असेल किंवा तासन्‌तास व्हिडिओ रेंडरिंग चालत असेल, तर चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) आणि १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्या.

तीन मापं आधी घ्या. पहिलं, बोर्डाच्या भोकांमधलं अंतर: एलजीए ७७५ चं ७२ मिलिमीटर, ११५६ पासून १२०० पर्यंत सगळ्यांचं ७५, एलजीए १७०० चं ७८. म्हणजे ११५५ चा कूलर ११५१ वर आणि १२०० वर सरळ बसतो. एएमडीमध्ये एएम३+ आणि एएम४ ची भोकं वेगळी आहेत, पण दोन प्लॅस्टिक आकड्यांना क्लिपने अडकणारा कूलर दोन्हींवर चालतो. दुसरं, उंची: १२० मिलिमीटरचे टॉवर साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. बोर्डापासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंत पट्टी लावून मोजा. तिसरं, पहिल्या रॅम स्लॉटचं अंतर.

व्हीआरएमवर हीटसिंक नसेल (प्रश्न ५), तर हवा खाली बोर्डाकडे फेकणारा आडवा कूलर टॉवरपेक्षा सरस ठरतो, कारण तो व्हीआरएमलाही वारा देतो.

सहाव्या पिढीपासून इंटेलने प्रोसेसरच्या चिपखालची हिरवी पट्टी पातळ केली. जड टॉवरचे स्क्रू अति आवळून ती वाकल्याची उदाहरणं आहेत. स्क्रू कर्णरेषेत, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा आणि अडलं की थांबा. असा जड कूलर बसवलेला डेस्कटॉप प्रवासात आडवा ठेवा.

११. इंटेल कूलरच्या चार प्लॅस्टिक पिना बसतच नाहीत. काय चुकतं?

जुन्या मशीन तापण्याचं हे सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत दुर्लक्षित कारण. पिनेच्या डोक्यावरचा बाण सोडवण्याची दिशा दाखवतो, बसवण्याची नाही. बसवण्यापूर्वी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेने शेवटपर्यंत फिरवा आणि काळा खिळा वर ओढलेला ठेवा. मग कर्णरेषेत समोरासमोरच्या दोन पिना एकाच वेळी दाबा, ‘टक्’ आवाज आला की उरलेल्या दोन.

आवाजावर विसंबू नका. बोर्डाच्या मागून बघा: चारही ठिकाणी पांढरी प्लॅस्टिकची टोकं पूर्ण बाहेर येऊन फाकलेली दिसली पाहिजेत. एक जरी अर्धवट असेल तर हीटसिंक एका बाजूला तिरपा राहतो. बोर्ड कॅबिनेटमध्ये असताना दाब दिला तर तो खाली वाकतो आणि पिना पार जात नाहीत. शक्य असेल तर बोर्ड बाहेर काढून कूलर बसवा. एखादी पिन तुटली असेल तर तीन पिनांवर काम भागवू नका. मागे प्लेट असलेली स्क्रूची जोडणी वेगळी मिळते, ती लावा.

१२. नवी पेस्ट लावली, धूळ काढली, तरी ९५ अंश. आता?

तापमान किती वेगाने चढतं ते बघा. भार दिल्यावर पाच-दहा सेकंदांत ४० वरून ९५ वर उडी मारत असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकमध्ये जातच नाही: पिन सुटलेली, कूलर तिरपा, तळावरची पारदर्शक फिल्म काढायची राहिलेली, किंवा पेस्ट फारच कमी. पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत येते आहे पण कॅबिनेटबाहेर जात नाही. बाजूचं झाकण उघडून पुन्हा तपासा. पाच-आठ अंश उतरले तर प्रश्न १३ कडे जा.

पंख्याखालचा हीटसिंकचा माथा बघायला विसरू नका. वरून स्वच्छ दिसणाऱ्या कूलरच्या पंख्याखाली धुळीचा जाड थर जमलेला असतो. पंखा काढून ब्रशने साफ करा. हवेचा फवारा मारताना पाती बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरली की बेअरिंग खराब होतं.

सगळं नीट असूनही आय७-३७७० किंवा आय७-४७९० मोठ्या कूलरवर तापत असेल, तर कारण प्रोसेसरच्या झाकणाच्या आत आहे. दुसऱ्या पिढीत चिप आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर होतं. तिसऱ्या पिढीपासून तिथे साधी पेस्ट आली आणि वर्षांनुवर्षांत ती वाळते. झाकण उघडून ती बदलता येते, पण चिप फुटण्याचा धोका मोठा आहे. त्यापेक्षा प्रश्न १४ मधला उपाय करा.

१३. कॅबिनेटला किती पंखे लावावेत?

पुढून एक आत घेणारा, मागून एक बाहेर टाकणारा. जुन्या मशीनला एवढे दोन पुरतात, आणि तिसऱ्याने फारसा फरक पडत नाही. टॉवर कूलरचा पंखाही मागच्या पंख्याच्याच दिशेला हवा फेकेल असा लावा. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे दांडे दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. बोर्डाचा एक फॅन कनेक्टर सहसा एक अँपिअरपर्यंतच देतो, म्हणून एकावर तीन-चार पंख्यांचा भार टाकू नका.

तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या कनेक्टरवर चालतो, पण वेग आवरण्यासाठी बायोसमध्ये ‘डीसी’ किंवा ‘व्होल्टेज’ निवडावं लागतं. नाहीतर तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. जुन्या बोर्डांवर ही निवड नसते, तिथे चार पिनांचा पंखाच घ्या.

१४. पैसे न घालता तापमान कमी करता येईल का?

हो. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. टर्बो (गरजेपुरता आपोआप वाढणारा वेग) बंद होतो आणि आय७-३७७० ३.९ ऐवजी ३.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो. तापमान ठळकपणे उतरतं, आणि रोजच्या कामात वेगातला फरक ओळखू येत नाही. उन्हाळ्यापुरता करायलाही हा उपाय उत्तम.

बोर्डाने परवानगी दिली तर प्रोसेसरचं व्होल्टेज ऑफसेटने कमी करा. उणे २५ मिलिव्होल्टपासून सुरुवात, प्रत्येक पायरीला तासभर चाचणी, आणि उणे ७५–१०० च्या पुढे जाण्याचा मोह नको. मशीन मधेच गोठली किंवा निळा पडदा आला तर एक पायरी मागे या. एच मालिकेच्या अनेक बोर्डांवर ही सोय मिळतच नाही.

लिक्विड कूलरबद्दलही याच ओघात विचारलं जातं. १०० वॉटच्या आतल्या प्रोसेसरला त्याची गरज नाही. पंप हा बिघडणारा आणखी एक भाग वाढतो, आणि सॉकेटभोवतीचा वारा गेल्याने उघडा व्हीआरएम आणखी तापतो.

१५. नवा प्रोसेसर बसवला आणि डिस्प्लेच येत नाही.

क्रमाने जा. चार किंवा आठ पिनांची प्रोसेसरची वायर जोडली का? नव्या प्रोसेसरला अंगभूत ग्राफिक्स आहे का (प्रश्न ६)? मग वीज काढून सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोसच्या जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातील. एकच रॅम, एकेका स्लॉटमध्ये लावून बघा. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे वाकलेली पिन किंवा कूलरचा असमान दाब यांनीही रॅमचा एक चॅनल गायब होतो. कूलरचे स्क्रू थोडे सैल केल्यावर रॅम परत दिसली, तर कारण सापडलं.

शेवटी जुना प्रोसेसर परत लावा. तो चालला तर बायोसची आवृत्ती पुन्हा यादीशी पडताळा. तोही चालला नाही तर सॉकेट तपासा (प्रश्न १९).

१६. विंडोज पुन्हा टाकावं लागेल का? डेटा जाईल का?

विंडोज पुन्हा टाकावं लागत नाही आणि परवानाही सहसा तसाच राहतो, कारण तो मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो. धोका आहे तो बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. एएमडीचा एफटीपीएम किंवा इंटेलचा पीटीटी (त्याची किल्ली सांभाळणाऱ्या अंगभूत सुरक्षा सोयी) वापरात असेल, तर प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा कायमचा गेला. म्हणून आधी की कागदावर उतरवा आणि बिटलॉकर तात्पुरता स्थगित करा. एएम४ वर पहिल्यांदा सुरू करताना नवा प्रोसेसर सापडल्याचा संदेश येऊन एफटीपीएम पुसायचा का असं विचारलं जातं. की हातात असेल तरच ‘वाय’ दाबा.

१७. प्रोसेसर बदलून विंडोज ११ अधिकृतपणे चालेल का?

एएम४ वर चालेल. पहिल्या पिढीचा रायझन काढून रायझन ५ ५६०० लावला की अट पूर्ण होते. इंटेलमध्ये यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, त्यामुळे एलजीए ११५५, ११५० आणि १०० किंवा २०० मालिकेच्या ११५१ बोर्डावर बसणारा कुठलाही प्रोसेसर त्यात नाही. केवळ यासाठी आय७-७७०० घेऊ नका. कोअर २ आणि फेनॉम २ वर तर विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आडमार्गानेही सुरू होत नाही, कारण तिला लागणाऱ्या एसएसई४.२ सूचना त्यांत नाहीत. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. अशा मशीनवर हलकं लिनक्स हा चांगला पर्याय आहे.

१८. आय७ ऐवजी झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) लावला तर?

११५५ आणि ११५० वर हा खरोखर चांगला सौदा ठरू शकतो. झिऑन ई३-१२३० व्ही२ मध्ये आय७-३७७० सारखेच चार कोअर, आठ थ्रेड, आणि ६९ वॉट. बोर्डाच्या यादीत तो आहे का एवढं बघा. मॉडेल क्रमांकाचा शेवटचा अंक ५ किंवा ६ असेल (ई३-१२४५, ई३-१२४६ व्ही३) तरच सहसा अंगभूत ग्राफिक्स मिळतं. ११५१ वर मात्र थांबा: ई३ व्ही५ ला सी२३२ किंवा सी२३६ चिपसेटच लागतो, एच११० किंवा बी१५० वर तो चालणार नाही.

ब्रँडेड ऑफिस कॉम्प्युटरमध्ये झिऑन टाकण्याआधी दुप्पट खात्री करा. त्यांचा बायोस मोजकेच प्रोसेसर ओळखतो, एसएमपीएसचे आणि पंख्याचे कनेक्टर काही वेळा वेगळ्याच रचनेचे असतात, आणि पातळ कॅबिनेटमध्ये मूळ कूलरशिवाय दुसरा बसत नाही. त्याच मॉडेलची आय७ घेऊन विकली गेलेली आवृत्ती होती का, हे शोधा. असेल तर तिचा प्रोसेसर आणि तिचाच कूलर घ्या.

१९. पिना वाकल्या आहेत. बोर्ड किंवा प्रोसेसर गेला का?

लगेच टाकून देऊ नका. एएमडीच्या प्रोसेसरवरची पिन ०.५ मिलिमीटरच्या मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या धातूच्या टोकात घालून हळू सरळ करता येते. पूर्ण रांग झुकली असेल तर पातळ प्लॅस्टिक कार्ड रांगांमधून सरकवा. एकच पिन पुढे-मागे अनेकदा वाकवली की तुटते, म्हणून एका हालचालीत जमवण्याचा प्रयत्न करा.

इंटेल सॉकेटमधल्या पिना फार नाजूक असतात. तिरपा उजेड पाडा, फोनचा कॅमेरा मोठा करून फोटो काढा. नीट असलेल्या पिनांची टोकं एकसारखी चमकतात, वाकलेली वेगळी उठून दिसते. भिंग आणि बारीक सुई घेऊन तिला शेजारच्या पिनांच्या कोनाइतकंच उचला, जास्त नाही. दोन पिना एकमेकींना टेकलेल्या असताना वीज कधीच देऊ नका.

एखादी पिन तुटलीच, तर प्रोसेसरच्या पिन आकृतीत ती कशाची आहे ते पाहा. पुष्कळ पिना ग्राउंडच्या (अर्थिंगच्या) किंवा वीजपुरवठ्याच्या असतात आणि एक गेली तरी काम चालतं. मेमरीची किंवा पीसीआय एक्स्प्रेसची असेल तर त्या स्लॉटवर पाणी सोडावं लागतं. दुरुस्तीनंतर सर्व रॅम लावून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा आणि सीपीयू-झेडमध्ये दोन्ही चॅनल दिसतात का ते तपासा.